जुन्या ट्रकचे इंजिन पाणी खाते, पण गळती दिसत नाही: शोध कसा घ्यावा

‘गाडी पाणी खाते’ अशी तक्रार आली की बहुतेक गॅरेजांत पहिला संशय हेड पॅकिंगवर, म्हणजे इंजिनचे वरचे हेड आणि खालचा ब्लॉक यांच्यामधल्या गॅस्केटवर, जातो आणि मालकाची तयारी दिसली तर संध्याकाळपर्यंत हेड खाली उतरलेले असते. हेड पॅकिंग जाते, यात वाद नाही. पण तो खर्च अंगावर घेण्याआधी, हेडला हातही न लावता तपासता येतील अशा बऱ्याच जागा असतात, आणि त्यांतली एक, म्हणजे एअर ब्रेकसाठी हवा दाबून टाकीत भरणारा कंप्रेसर, मोटारकारच्या कामाची सवय असलेल्या मेकॅनिकच्या ध्यानात सहसा येत नाही. पुढील क्रम टाटांचे 697 किंवा कमिन्सचे 5.9 लिटरचे बी-सीरीज यांसारखी सहा सिलिंडरी डिझेल इंजिने आणि एअर ब्रेक असलेले ट्रक डोळ्यांसमोर ठेवून दिला आहे. लेखात ‘पाणी’ म्हणजे रेडिएटरमध्ये जे असेल ते, मग ते साधे पाणी असो वा कूलंट.

आधी मोजमाप

पाणी खरोखर कमी होते आहे का, हे सर्वप्रथम ठरवावे. पाणी तापले की फुगते, त्यामुळे रेडिएटर रोज गळ्यापर्यंत भरणाऱ्या ड्रायव्हरला दुसऱ्या दिवशी पातळी उतरलेलीच दिसते. जास्तीचे पाणी ओव्हरफ्लोच्या नळीतून रस्त्यावर गेलेले असते, एवढेच. गाडी सपाट जागी उभी करावी, सकाळी इंजिन पूर्ण थंड असताना पातळीची खूण करावी आणि पुढेही त्याच जागी, त्याच वेळी ती पाहावी. नुकताच होज पाइप बदलला असेल किंवा सगळे पाणी काढून नव्याने भरले असेल, तर आत अडकलेली हवा बाहेर पडेपर्यंत एक-दोन दिवस पातळी उतरणारच. ती तूट हिशेबात धरू नये. त्यानंतर मात्र प्रत्येक वेळी पाणी मापाने घालावे आणि किलोमीटरच्या आकड्यासह वहीत नोंदवावे.

या नोंदीत पाणी किती गेले याच्याइतकेच ते कधी गेले हे महत्त्वाचे असते, आणि माझ्या मते गळतीची जागा शोधण्याआधी तिची वेळ शोधणारा माणूस निम्मे काम वाचवतो. रात्रभर उभ्या गाडीत पातळी उतरत असेल, तर थंड झाल्यावर आकसणारा सांधा, सैल क्लिप किंवा सिलिंडरमध्ये झिरपणारे पाणी यांपैकी काहीतरी असते. भरलेली गाडी खंबाटकी किंवा कसारा घाट चढली की मगच पाणी जात असेल, तर रेडिएटरची कॅप, तुंबलेला रेडिएटर किंवा पाण्यात शिरणारा ज्वलनाचा वायू यांकडे पाहावे. रिकामी गाडी सपाट रस्त्यावर चालतानाही रोज सारखेच पाणी जात असेल, तर पाण्याचा पंप, होज आणि कंप्रेसर यांच्यावर संशय घ्यावा.

साध्या पाण्यावर चालणाऱ्या गाडीत ही तपासणी अवघड होते, कारण तापलेल्या ब्लॉकवर पडलेला थेंब जागच्या जागी वाळतो आणि मागे फार तर क्षाराचा फिकट डाग उरतो. रंगीत कूलंट निम्म्यास निम्मे पाण्यात मिसळून भरले, तर गळतीच्या जागी हिरवी किंवा गुलाबी खपली धरते आणि ती टॉर्चच्या उजेडात सापडते. रेडिएटरमध्ये हळद टाकण्याचा जुना उपाय रस्त्यावर अडकलेल्याला गावापर्यंत पोहोचवतो, हे मान्य. पण निदान व्हायच्या आधी हळद किंवा बाजारातली गळती बंद करणारी पावडर टाकली, तर रेडिएटरच्या बारीक नळ्या तुंबतात आणि मूळ दोष झाकला जातो. काढलेले कूलंट उघड्यावर ठेवू नये. त्यातील एथिलीन ग्लायकॉल गोडसर आणि विषारी असते, आणि कुत्री ते चाटतात.

कॅप

सर्वांत स्वस्त भाग असूनही कॅप शेवटी बदलली जाते, हे मला कधी उमगलेले नाही. गरम इंजिनाची कॅप कोणत्याही घाईत उघडू नये. वरच्या होजला हात लावता येऊन तो सहज दाबला जाईपर्यंत थांबावे. कॅपमध्ये दोन व्हॉल्व्ह असतात. एक ठरावीक दाबापर्यंत पाणी आत रोखून धरतो. समुद्रसपाटीला 100 अंशांवर उकळणारे साधे पाणी अर्धा बार जादा दाबाखाली सुमारे 111 अंशांपर्यंत उकळत नाही, आणि हा दाब टिकला नाही तर घाटात ते उकळून बाहेर पडते. दुसरा व्हॉल्व्ह इंजिन थंड होताना ओव्हरफ्लोच्या नळीला जोडलेल्या बाटलीतले (ती असेल तर) पाणी परत आत घेतो. सकाळी बाटली काठोकाठ भरलेली आणि रेडिएटर मात्र उणा आढळला, तर पाणी बाहेर गेले पण परत आले नाही, असा अर्थ होतो. वरचा होज चपटा होऊन आत ओढला गेला असेल, तर हाच दुसरा व्हॉल्व्ह अडकला आहे असे समजावे. नवी कॅप घेताना तिच्यावर छापलेला दाबाचा आकडा जुनीशी नव्हे, तर कंपनीने दिलेल्या आकड्याशी जुळवावा, कारण जुनीच चुकीची बसवलेली असू शकते.

दाब देऊन बाहेरची गळती

चाकांना ठोकळे लावून, थंड इंजिनावर रेडिएटरच्या तोंडाला हातपंपाचा प्रेशर टेस्टर बसवावा आणि कॅपवरील आकड्याइतकाच दाब द्यावा. त्याहून जास्त दिला तर जुन्या रेडिएटरचे झाळलेले सांधे उघडतात. पंधरा मिनिटे काटा स्थिर राहिला तरी समाधान मानू नये, दाब तसाच ठेवून गाडी तासभर सोडावी. या वेळात होजची टोके, थर्मोस्टॅटची (इंजिन तापल्यावरच पाणी रेडिएटरकडे सोडणाऱ्या झडपेची) बैठक, ब्लॉकवरील डमी (ब्लॉकची भोके बंद करणारी पत्र्याची झाकणे), आणि केबिनला हीटर असेल तर त्याच्या नळ्या पाहाव्यात. पाण्याच्या पंपाखाली एक लहान भोक असते. आतले सील झिजले की पाणी तिथून ठिबकते, आणि चालत्या गाडीत पंख्याच्या वाऱ्याने ते मागे उडत असल्यामुळे ओल भलत्याच जागी दिसते. भोकाखाली वाळलेली रेघ दिसली तर पंप बदलायला झाला आहे असे समजावे. थंड इंजिनावर काही सापडले नाही, तर तीच चाचणी कोमट इंजिनावर पुन्हा करावी, कारण काही सांधे फक्त एकाच अवस्थेत गळतात.

कंप्रेसर

बाहेर सगळे कोरडे असून काटा उतरत असेल किंवा पाणी चालत्या गाडीतच जात असेल, तर हेडआधी कंप्रेसर तपासावा. अनेक ट्रकांत कंप्रेसरचे हेड इंजिनच्याच पाण्याने थंड होते, त्यामुळे त्याचे छोटे पॅकिंग फुटले की दोन गोष्टी होतात: चालू असताना हवा पाण्यात घुसते आणि रेडिएटरमधून पाणी बाहेर ढकलते, तर बंद असताना पाणी कंप्रेसरमध्ये व तिथून हवेच्या टाकीत जाते. दोन्ही खुणा हुबेहूब हेड पॅकिंगसारख्या असतात.

फरक असा ओळखावा. थंड इंजिन सुरू करून कॅप उघडी ठेवावी आणि टाकीत हवा भरत असताना रेडिएटरच्या तोंडाशी बुडबुडे येतात का ते पाहावे. टाकी पूर्ण भरली की व्हॉल्व्ह फुस्स आवाज करून जादा हवा बाहेर सोडतो आणि कंप्रेसरवरचा भार उतरतो. त्या क्षणी बुडबुडे थांबले, आणि ब्रेक काही वेळा दाबून टाकी उतरवल्यावर पुन्हा सुरू झाले, तर दोष कंप्रेसरचा. टाकीची पर्वा न करता ते येतच राहिले, तर संशय इंजिनवर सरकतो. शिवाय कंप्रेसरनंतरच्या पहिल्या टाकीचा ड्रेन उघडून खाली पांढरे भांडे धरावे. थोडे पाणी तिथे नेहमीच साचते, विशेषतः पावसाळ्यात. पण ते रंगीत किंवा बोटांना चिकट लागले, तर पुढे शोधण्याची गरज नाही. हा दोष फक्त पाण्यापुरता नसून ब्रेकचा आहे, म्हणून अशी गाडी दुरुस्तीशिवाय घाटात नेऊ नये.

ऑइलमध्ये पाणी

ऑइल भरण्याच्या झाकणाखाली पिवळसर थर दिसला म्हणून घाबरू नये. कमी अंतर चालणाऱ्या गाडीत तो बाष्पानेही धरतो. खात्री करायची असेल तर गाडी रात्रभर उभी ठेवून सकाळी, इंजिन सुरू न करता, चेंबरचा (इंजिनखालच्या ऑइलच्या भांड्याचा) ड्रेन प्लग हळूच सैल करावा. पाणी ऑइलपेक्षा जड असल्याने तळाशी बसते, आणि प्लगच्या आट्यांतून आधी तेच येते. डिपस्टिकवरचे ऑइल दुधाच्या चहासारखे झाले असेल, तर एवढीही गरज नाही. अशा वेळी इंजिन चालवू नये, कारण बेअरिंग त्यात टिकत नाहीत.

मात्र इथेही हेडपूर्वी ऑइल कूलर, म्हणजे इंजिनच्या पाण्याने ऑइल थंड करणारा भाग, पाहावा. इंजिन चालू असताना ऑइलचा दाब पाण्याच्या दाबाच्या कितीतरी पट असतो, म्हणून कूलर फुटला की आधी ऑइल पाण्यात जाते आणि रेडिएटरमध्ये तवंग दिसतो; इंजिन बंद केल्यावर ऑइलचा दाब जातो, पाण्याचा काही काळ राहतो, आणि मग पाणी ऑइलमध्ये उतरते. दोन्हीकडे भेसळ दिसली तर बी-सीरीज इंजिनात ब्लॉकच्या बाजूला बसवलेला हा कूलर काढावा आणि पाण्यात बुडवून हवेचा दाब देऊन तपासावा.

राहिले ज्वलन

एवढे सगळे निर्दोष निघाले, तरच हेडकडे यावे. थंड इंजिन सुरू केल्यावर, थर्मोस्टॅट उघडण्याआधीच वरचा होज दगडासारखा कडक होणे ही मोठी खूण आहे. रेडिएटरच्या तोंडाशी धरायच्या निळ्या द्रवाच्या चाचणीत कार्बन डायऑक्साइडमुळे रंग बदलतो. परंतु रिकामे फिरणाऱ्या डिझेल इंजिनाच्या धुरात तो वायू कमी असल्याने, गाडी भाराखाली चालवून आणल्यावर ही चाचणी घ्यावी. कॅप मात्र त्या वेळीही वर सांगितल्याप्रमाणे होज सहज दाबला जाईपर्यंत थांबून, मगच फडके धरून, टप्प्याटप्प्याने दाब सोडत उघडावी. पांढरा, गोडसर वासाचा धूर पाण्याचा. डोळ्यांना झोंबणारा पांढरा धूर न जळलेल्या डिझेलचा.

रात्री उभी ठेवलेली गाडी सकाळी स्टार्टर मारताच धप्प करून अडली, तर पुन्हा स्टार्टर मारू नये. पिस्टनवर साचलेले पाणी दाबले जात नाही, आणि जोर दिला तर कनेक्टिंग रॉड वाकतो. इंजेक्टर काढून इंजिन हाताने फिरवावे. ज्या भोकातून पाणी उडेल तो सिलिंडर दोषी. तसे काही घडले नाही, तर एकेका सिलिंडरचा पिस्टन कॉम्प्रेशनच्या वरच्या टोकाला आणून इंजेक्टरच्या भोकातून हवा द्यावी आणि रेडिएटरमध्ये बुडबुडे कधी येतात ते पाहावे.

हेड उतरल्यावर ते मशीन शॉपला देऊन सपाटी आणि तडे दोन्ही तपासून घ्यावेत, नुसते पॅकिंग बदलून बसवू नये. वेट लायनर (बाहेरून थेट पाणी लागणारी सिलिंडरची वेगळी नळी) असलेल्या इंजिनात लायनरची पाण्याकडची बाजूही पाहावी, कारण गंजरोधक द्रव्याशिवाय साध्या पाण्यावर वर्षानुवर्षे चाललेल्या लायनरला तिथे सुईच्या टोकाएवढी भोके पडतात आणि ती नव्या पॅकिंगने बुजत नाहीत. बी-सीरीजमध्ये वेगळे लायनरच नसल्यामुळे तिथे बोअर (ब्लॉकमधलेच सिलिंडरचे भोक) आणि ब्लॉक यांचीच तपासणी करावी लागते.