रानातल्या ऑर्किडला 'दुर्मिळ' म्हणताय? या चुका टाळा

पावसाळा लागला की नाशिकच्या ट्रेकिंग ग्रुपवर एक फोटो हमखास फिरतो, अंजनेरी नाहीतर हरिहरच्या वाटेवरचं पांढरं फूल, खाली 'अतिदुर्मिळ, नामशेष होत चाललेलं ऑर्किड', आणि त्याखाली ढीगभर लोक 'लोकेशन प्लीज'. आणि भाऊ देतो पण लोकेशन!

पहिली चूक इथेच. आपल्याला आज पहिल्यांदा दिसलं म्हणजे ते दुर्मिळ झालं असं होत नाही ना. बऱ्याचदा ती साधी आमरी असते, हॅबेनारिया ग्रँडिफ्लोरिफॉर्मिस, जमिनीला चिकटलेलं एकच गोल पान आणि वर पांढरी फुलं, पावसाच्या सुरुवातीला पठारांवर चांगली दिसते. आमरीचे प्रकार बरेच आहेत आणि समोरून काढलेल्या एका फोटोवरून भले भले फसतात. फुलाची बाजू, मागे लोंबणारी नळी (स्पर म्हणतात तिला), खालची ओठासारखी पाकळी आणि पान, एवढे फोटो हवेतच. पान तर कोणी काढतच नाही, राव.

आता स्टेटस, म्हणजे जात किती धोक्यात आहे त्याचा दर्जा. आययूसीएन या निसर्गसंवर्धनाच्या जागतिक संस्थेची रेड लिस्ट १९६४ पासून आहे आणि त्यात 'क्रिटिकली एंडेंजर्ड' (अतिशय धोक्यात) वगैरे शिक्का कोणाला वाटलं म्हणून बसत नाही, दहा वर्षांत किंवा तीन पिढ्यांत संख्या किती घटली, किती चौरस किलोमीटरात उरलीय, फुलण्याइतकी मोठी झाडं किती, असे आकडे बघतात. अशी झाडं ५० पेक्षा कमी उरली तर तेवढ्यावरही तो शिक्का बसू शकतो. यादीत नाव नाही म्हणजे सुरक्षित, हे पण चूक. 'नॉट इव्हॅल्युएटेड' म्हणजे अजून कोणी तपासलंच नाही, आणि 'डेटा डेफिशियंट' म्हणजे तपासलं पण माहिती पुरली नाही. बोटॅनिकल सर्व्हेच्या २०१९ च्या ऑर्किड ग्रंथात भारतातली १२५६ ऑर्किड आहेत, त्यातली ३८८ फक्त भारतात सापडणारी, एवढ्या सगळ्यांची तपासणी कुठून झालेली असणार.

'सायटिसमध्ये आहे म्हणजे धोक्यात आहे' हे पण सारखं वाचायला मिळतं. अहो, सायटिस म्हणजे वन्य प्राणी-वनस्पतींच्या व्यापारावरचा आंतरराष्ट्रीय करार, त्यात अख्खं ऑर्किड कुळच आहे, बहुतेक दुसऱ्या परिशिष्टात, आणि तो करार देशांमधल्या व्यापारापुरता.

उलट बाजूने पण घोटाळा होतो. सीतेची वेणी घ्या, झाडांच्या फांद्यांवर वाढणारं ऑर्किड, आसामचं राज्यफूल, तिथे कपौफूल म्हणतात, पार आग्नेय आशियापर्यंत पसरलेली. म्हणून जगाच्या हिशोबात बिनधास्त, पण पेठ-सुरगाण्याकडच्या एखाद्या पाड्यावरचे जुने आंबे तुटले की त्या पाड्यापुरती ती संपली, हे जागतिक यादीत कुठे दिसणार? त्यात काही लोक तिला बांडगूळ समजून कोयत्याने खरवडून काढतात. बांडगूळ फांदीच्या आत घुसून झाडाचा रस पितं, ऑर्किड फक्त सालीवर बसतं. जवळून बघा, पांढरी जाड स्पंजसारखी मुळं, टोक हिरवं, सालीला नुसती चिकटलेली. आंब्याचं काही जात नाही.

लोकेशनचं मात्र खरंच मनावर घ्या, ते बघूनच लोक उपटायला पोचतात. आयनॅचरलिस्ट या निसर्गनोंदींच्या ॲपवर धोक्यातल्या नोंदलेल्या जातींची जागा आपोआप धूसर होते, पण ज्या जातीचं स्टेटसच नोंदलेलं नाही तिची होत नाही, तिथे सेटिंग स्वतः 'ऑब्स्क्युअर्ड' करावं लागतं. मग ठिपका ०.२ अंशाच्या चौकोनात कुठेही पडतो, म्हणजे चौकोनाची उत्तर-दक्षिण बाजू साधारण २२ किलोमीटर, नाशिकहून निघून त्र्यंबकच्या जवळपास पोचाल एवढं. व्हॉट्सअॅपवर फोटो 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवला तर आतलं जीपीएस तसंच जातं, तेवढं लक्षात ठेवा. फोटोत मागे ओळखू येणारा सुळका असेल तर हे सगळं वाया.

आणि कंद उपटून घरी कुंडीत लावणं, याला काय म्हणावं! ऑर्किडचं बी धुळीसारखं, त्यात अन्नसाठाच नसतो, मातीतली ठरावीक बुरशी भेटली तरच रुजतं. ती बुरशी आणि परागीभवन करणारे कीटक बाल्कनीत कुठून आणणार, झाड एखादं वर्ष तग धरेल पण पुढची पिढी नाही. शिवाय राखीव जंगलातून काही काढणं १९२७ च्या वन कायद्याने गुन्हा आहे.

'यंदा दिसलं नाही, संपलं' अशी पोस्ट पण घाईत टाकू नका. आमरी उन्हाळाभर जमिनीत कंद होऊन पडून असते, काही झाडं एखाद्या पावसाळ्यात वर येतच नाहीत.

वादळात फांदी मोडून ऑर्किड खाली पडलेलं दिसलं तर आधी वनरक्षकाला सांगा. गावातलं, खाजगी बांधावरचं असेल तर मालकाला विचारून जवळच्याच तसल्याच झाडाला, तेवढ्याच सावलीत, सुतळीने बांधा. माती, खत काही लावायचं नाही आणि प्लास्टिकची दोरी नको, ती मुळांना काचते. मुळं सालीला धरली की सुतळी आपोआप कुजून जाते.