विमानाचं अंतर काढताय? या चुका टाळा

छत्रपती संभाजीनगर ते न्यूयॉर्क अंतर तेवीसशे किलोमीटर आलं, तर उणे चिन्ह टाकायचं राहिलं म्हणून समजा. न्यूयॉर्कचं रेखांश पश्चिमेचं, म्हणजे उणे ७३.८ च्या आसपास. उणे विसरलं की शहर थेट किरगिझस्तानात, ओशच्या शेजारी जाऊन पडतं. खरं अंतर साडेबारा हजारांच्या वर आहे.

अक्षांश-रेखांशाची अदलाबदलही नेहमीची. आपले आकडे १९.९ आणि ७५.३; उलटे टाकले तर संभाजीनगर नॉर्वेच्या उत्तरेला, बर्फाळ समुद्रात! एक्सेलमध्ये सूत्र मांडत असाल तर अंशांचे रेडियन (कोन मोजायचं दुसरं एकक) करून घ्या, नाहीतर काहीच्या बाही उत्तर येतं. शहराचं जुनं नाव टाइप करणाऱ्यांनी आधी राज्य बघावं, कारण औरंगाबाद बिहारमध्येही आहे, इथून हजारभर किलोमीटरवर. त्यापेक्षा विमानतळाचा कोड टाका: आपला आयएक्सयू, नांदेडचा एनडीसी.

शाळेतल्या भिंतीवरच्या नकाशाला पट्टी लावून मोजू नका. त्यावर मुंबई-न्यूयॉर्क रेघ अरबस्तान आणि सहारावरून जाते. गोल पृथ्वीवरची सर्वांत जवळची वाट मात्र उत्तरेला वळून आइसलँडवरून जाते. खात्री करायची तर पृथ्वीगोलावर दोरा ताणून बघा. मुलांना तर हे करायला लावाच.

याच कारणाने आणखी एक गंमत होते. संभाजीनगरहून न्यूयॉर्कला जाताना मुंबई जवळची, म्हणून तीच वाट कमी अंतराची असेल असं वाटतं. दोन्ही टप्पे जोडून बघा: मुंबईमार्गे अंदाजे १२,८०० किलोमीटर, दिल्लीमार्गे त्याहून थोडं कमीच! नांदेड-लातूरकडची मंडळी हैदराबादहून विमान धरतात, त्यांनी बस-रेल्वेचे तास वेगळे धरावेत. ते कुठल्याही हवाई हिशेबात नसतात.

मैलांकडेही लक्ष असू द्या. साधा मैल १.६०९ किलोमीटरचा, विमान-जहाजांच्या हिशेबातला नॉटिकल मैल १.८५२ चा.

सगळ्यात मोठा घोळ होतो अंतराला वेगाने भागून वेळ काढताना. २०१६ मध्ये एअर इंडियाने दिल्ली-सॅन फ्रान्सिस्को विमान अटलांटिकऐवजी पॅसिफिकवरून नेलं. अंतर सुमारे १३,९०० वरून १५,३०० किलोमीटर झालं, तरी पाठीवरच्या वाऱ्यामुळे जवळजवळ दोन तास वाचले. उलट एखाद्या देशाने आकाश बंद केलं की वळसा पडतो. एप्रिल २०२५ पासून पाकिस्तानने भारतीय विमानांना वाट बंद केली, तेव्हा दिल्लीहून पश्चिमेला जाणाऱ्या फेऱ्या लांबल्या.

तिकिटावरच्या सुटण्या-पोचण्याच्या वेळांची नुसती वजाबाकीही करू नका, त्या दोन्ही स्थानिक असतात. न्यूयॉर्क हिवाळ्यात आपल्यामागे साडेदहा तास, उन्हाळ्यात साडेनऊ. जाताना वजाबाकीत तेवढे तास मिळवायचे, येताना वजा करायचे.