कॉम्प्युटर हार्ड डिस्कवरून चालू होत नाहीये? फॉरमॅट मारायच्या आधी हे बघा

मे महिन्यात गावी जाताना आम्ही घरातला मेन स्विच बंद करून गेलो, महिन्याभराने परत येऊन जुना डेस्कटॉप चालू केला तर विंडोजचा लोगो क्षणभर दिसायचा, निळा स्क्रीन चमकून जायचा आणि मशीन परत रिस्टार्ट. दुकानात नेला तर पाच मिनिटांत निकाल, हार्ड डिस्क गेली, नवीन टाका, डेटा विसरा. त्यात बाबांचे सगळे फोटो होते म्हणून मी तसाच उचलून घरी आणला. डिस्कला काहीच झालं नव्हतं. म्हणून मनापासून सांगतोय, फॉरमॅटला हो म्हणायच्या आधी अर्धा तास स्वतः बघा.

आधी पेनड्राईव्ह, मेमरी कार्ड, बाहेरची डिस्क, जे काय लावलंय ते सगळं काढा आणि परत चालू करा. बूट ऑर्डरमध्ये, म्हणजे मशीनने कुठून चालू व्हायचं त्या यादीत, यूएसबी सगळ्यात वर असेल तर मशीन पेनड्राईव्हमध्येच विंडोज शोधत बसतं.

तरी नाही झालं तर बायोसमध्ये, म्हणजे विंडोजच्या आधीच्या सेटिंग्जच्या स्क्रीनमध्ये, जा. चालू करताक्षणी डिलीट किंवा एफ२ दाबत राहायचं, एचपीच्या लॅपटॉपला एफ१०. तिथे एकच गोष्ट शोधायची: तुमच्या डिस्कचं नाव दिसतंय का? पुढचं सगळं यावर अवलंबून आहे.

नाव दिसत नसेल तर मशीन बंद करा, प्लग काढा, पॉवर बटण दहाएक सेकंद दाबून धरा आणि मग कॅबिनेट उघडा. साटाची केबल (डिस्क मदरबोर्डला जोडणारी) आणि पॉवरची केबल दोन्ही काढून घट्ट लावा, जमलं तर दुसरी केबल, मदरबोर्डवरचं दुसरं पोर्ट वापरून बघा. साटा केबल सैल होणं खूप कॉमन आहे. पण डिस्कमधून टक टक टक असा एका लयीत आवाज येत असेल तर तिथेच थांबा, परत परत चालू करू नका, आतलं डेटा वाचणारं हेड खराब झालेलं असू शकतं आणि प्रत्येक वेळी चालू केलं की डेटा वाचायची शक्यता कमी होत जाते. डेटा महत्त्वाचा असेल तर डेटा रिकव्हरीवाल्याकडेच द्या.

नाव दिसत असेल तर निम्मं काम झालं. आता बायोसमधलीच तारीख बघा. माझ्याकडे २०१२ साल दाखवत होतं आणि तिथेच सगळा उलगडा झाला. मदरबोर्डवर नाण्याएवढा गोल सेल असतो, सीआर२०३२, म्हणजे २० मिमी रुंद आणि ३.२ मिमी जाड. प्लगला वीज असते तोवर या सेलवर फारसा भार येत नाही, मेन स्विच बंद केला की घड्याळ त्याच्यावरच चालतं, आणि सेल जुना असेल तर महिन्याभरात संपतो. मग बायोसची सेटिंग्ज मूळ पदावर जातात. माझ्याकडे साटा मोड, म्हणजे मशीनची डिस्कशी बोलायची पद्धत, एएचसीआयवरून जुन्या आयडीईवर गेला होता, विंडोज टाकलं तेव्हा एएचसीआय होता, म्हणून ती निळी स्क्रीन. घड्याळवाल्याकडून नवीन सेल आणला, प्लग काढून बसवला, मोड बदलला, एफ१० दाबून सेव्ह केलं आणि डेस्कटॉप आला.

इथे एक लक्षात ठेवा, एएचसीआय चांगला म्हणून तोच लावायचा असं नाही, विंडोज टाकताना जो मोड होता तोच हवा. नवीन इंटेल लॅपटॉपमध्ये डिस्कसाठी व्हीएमडी नावाचं सेटिंग असतं, त्याचंही तसंच. यूईएफआय की लेगसी (चालू व्हायची नवी की जुनी पद्धत), हेसुद्धा तसंच, आणि यूईएफआय असेल तर बूट ऑर्डरमध्ये सगळ्यात वर 'विंडोज बूट मॅनेजर' पाहिजे. काहीही बदलण्याआधी मोबाईलवर फोटो काढा आणि एका वेळी एकच गोष्ट बदला, उपयोग नाही झाला तर ती परत होती तशी करायची. बिटलॉकर (विंडोजचं डिस्कला लावलेलं कुलूप) चालू असेल तर तो ४८ आकडी रिकव्हरी की मागेल, ती बहुतेकदा मायक्रोसॉफ्ट अकाउंटमध्ये सापडते, मोबाईलवरून आधीच शोधून ठेवा.

सेटिंग्ज बरोबर असूनही चालत नसेल तर विंडोजची बूट फाईल बिघडली असेल. पण रिपेअरच्या आधी डेटा काढा, हा क्रम चुकवू नका. दुसऱ्या कॉम्प्युटरवर लिनक्स मिंट किंवा उबुंटूचा पेनड्राईव्ह बनवा, त्यावरून चालू करा, इन्स्टॉल न करता नुसतं चालवा (उबुंटूत 'ट्राय' निवडा) आणि फोल्डर बाहेरच्या डिस्कवर कॉपी करा. चेकडिस्क (विंडोजचं डिस्क तपासायचं टूल) तर त्याआधी अजिबात चालवू नका, कमजोर डिस्कवर ते तासन्‌तास रगडा काढतं आणि उरलीसुरली डिस्कही जाऊ शकते.

कॉपी झाली की मग विंडोजचा ८ जीबीचा इन्स्टॉल पेनड्राईव्ह लावा, 'रिपेअर युअर कॉम्प्युटर' मधून स्टार्टअप रिपेअर चालवा, एकदा नाही झालं तर दोनतीनदा चालवा. मशीन चालू झालं की क्रिस्टलडिस्कइन्फो नावाचा प्रोग्रॅम टाकून डिस्कची तब्येत बघा, तिथे पिवळ्या रंगात 'कॉशन' दिसलं तर त्याच आठवड्यात नवीन डिस्क घ्या.