बांबूउडीत कंबर धरते? या चुका टाळा

दांडिया बाजारातल्या आखाड्यात मल्लखांब केलेलं पोर पोल व्हॉल्टकडे वळलं की आम्हाला आनंदच होतो. पकड घट्ट, उलटं लटकायची भीती नाही. पण वडोदऱ्यात माझ्याकडे आलेल्यांत याच पोरांची कंबर आधी कुरकुरली. मल्लखांबावर पाठीची कमान शोभते, म्हणून पोल रोवतानाही ती अंगातून आपोआप निघते, तीही थेट कंबरेच्या खालच्या दोन-तीन मणक्यांतून. स्वीडनचा बांबूउडीपटू डुप्लांटिस याची 2025 ची टोकियोतली 6.30 मीटरची उडी मोबाईलवर पाहून मुलं तसाच बाक काढू बघतात. खांदे, छातीमागचे मणके आणि मांडीचा सांधा मोकळा असेल तरच तो बाक सगळीकडे वाटला जातो. नाहीतर कंबर एकटीच मोडते.

पाय आत पडणं ही दुसरी चूक, आणि दुखण्याचं मूळ बहुतेक वेळा इथेच असतं. उडीचा पाय वरच्या हाताच्या बरोबर खाली हवा. तो पुढे गेला की पोलचा झटका हात वर ताणलेला असतानाच पाठीला मागे खेचतो. फक्कीची रेघ मारा आणि पाय कुठे पडतो ते बाजूला उभं राहून पाहा. धावणाऱ्याला स्वतःला ते कळत नाही.

उजव्या हाताचा खेळाडू पोल वर्षानुवर्षे उजव्याच बाजूला धरून धावतो. मग आई विचारते, "सर, याचा एक खांदा खाली का?" थोडा फरक पडतोच, त्यावरून घाबरू नका. उघड्या पाठीने मुलाला पुढे वाकवा. एका बाजूच्या फासळ्या वर आल्या तर डॉक्टरांना दाखवा. एक्स-रेवर पाठीच्या कण्याचा बाजूला गेलेला बाक 10 अंशांपेक्षा कमी असेल तर त्याला स्कोलिओसिस म्हणत नाहीत.

नुसते बेंच प्रेस मारून खांदे पुढे ओढून घेऊ नका, ओढण्याचे व्यायामही तितकेच करा.

आता माझीच चूक सांगतो. एका पोराला मी तीन आठवडे तेल चोळायला लावलं, कारण एक्स-रे स्वच्छ होता. एका पायावर उभं राहून मागे वाकताना वाढत्या वयातल्या मुलाची कंबर दुखत असेल, तर मणक्याच्या कमानीत बारीक तडा असू शकतो. वेगवान गोलंदाजांना होतो तोच. सुरुवातीला तो एक्स-रेत दिसेलच असं नाही, एमआरआयमध्ये सापडतो. तोवर उड्या बंद, मालिशही बंद.