वाड्याची भिंत, छापील कॅनव्हास आणि तैलरंग

संगणकावर घडवलेली प्रतिमा कॅनव्हासवर छापून तिच्यावर अमूर्त तैलचित्र करायचे असेल, तर संगणकाने कुठे थांबायचे हे आधी ठरवावे लागते. छापील प्रतिमा स्वतःच देखणी आणि पूर्ण असेल, तर रंगाला करण्यासारखे काही उरत नाही आणि हाताचे काम वरवरची सजावट ठरते. म्हणून रचना आणि उजेड-अंधाराची मांडणी एवढेच संगणकावर करावे. रंगाचा प्रत्येक निर्णय कॅनव्हाससमोर घ्यावा, असे माझे ठाम मत आहे.

पुण्यात सुरुवातीला विषय शोधत फिरावे लागत नाही. कसबा पेठेतल्या एखाद्या जुन्या वाड्याच्या भिंतीवर चुन्याचा गिलावा सुटून आतल्या विटा दिसत असतील, तर तिचे छायाचित्र सकाळच्या तिरप्या उन्हात घ्यावे, कारण पोत तेव्हाच उठून दिसतो. ते क्रिटा किंवा गिंप या मोफत प्रणालीत उघडून कृष्णधवल करावे, छटा तीन-चारवर आणाव्यात आणि त्याच प्रतिमेचे तुकडे मोठे करून, फिरवून, अर्धपारदर्शक लेयरमध्ये एकमेकांवर ठेवावेत. भिंत ओळखू येईनाशी झाली, तरी तिचा खडबडीतपणा जाणवत राहिला, की थांबावे. शेवटी सर्वात गडद भागही मध्यम करडा होईल इतकी प्रतिमा फिकी करावी, म्हणजे खरा काळोख रंगानेच आणावा लागतो.

२० बाय २६ इंचांच्या चित्राला १५० डीपीआयने (दर इंचाला १५० ठिपके) ३००० बाय ३९०० पिक्सेल लागतात, आणि १२ मेगापिक्सेलचा मोबाइल कॅमेरा साधारण तेवढे देतो. छपाई सुती कॅनव्हासवर आणि पिगमेंट शाईने, म्हणजे रंगद्रव्याचे बारीक कण असलेल्या शाईने, करून घ्यावी. विरघळलेल्या रंगाची डाय शाई उजेडात लवकर उडते. चौकटीवर ताणण्यासाठी चारही बाजूंना दोन इंच जास्त कापड सोडायला सांगावे.

यानंतरची पायरी घाईत टाळली जाते आणि तिथेच चित्राचे नुकसान होते. तेल थेट कापडात मुरले, तर धागे काही वर्षांत ठिसूळ होतात. कडेच्या कापडावर ओले बोट फिरवून शाई सुटते का ते पाहावे. सुटत असेल, तर पहिला हात मॅट ॲक्रिलिक वॉर्निशच्या स्प्रेने द्यावा. मग पारदर्शक जेसोचे (रंगाखाली लावायच्या ॲक्रिलिक अस्तराचे) दोन पातळ हात देऊन तीन दिवस वाळू द्यावे. ॲक्रिलिकवर तैलरंग चालतो. तैलरंगावर ॲक्रिलिक मात्र कधीही लावू नये, कारण ते पुढे सुटून येते.

पहिला थर टर्पेंटाइनमध्ये पातळ केलेल्या बर्न्ट अंबर या गडद तपकिरी रंगाचा असावा. तो लवकर वाळतो. पुढच्या प्रत्येक थरात जवसाच्या तेलाचे प्रमाण थोडे वाढवावे, नाहीतर वरचा थर आधी वाळून तडकतो. खरी मजा पॅलेट नाइफ, म्हणजे रंग पसरवायची बोथट सुरी, हाती घेतल्यावर येते. रंग जाड पसरावा आणि ओला असतानाच काही जागी खरवडून काढावा; खालची छापील रेघ जेसोमुळे शाबूत राहते आणि रंगाच्या कडेतून अशी वर येते, की छापील काय आणि हाताचे काय हे डोळ्याला चटकन सांगता येत नाही. अमूर्त चित्रकार वासुदेव गायतोंडे रोलर आणि पॅलेट नाइफने रंग चढवत आणि काढत. त्यांचे एखादे चित्र प्रत्यक्ष पाहिले, तर काढून टाकणे हेही रंगवणेच असते, हे कळते. छापील प्रतिमेचा साधारण एक तृतीयांश भाग पातळ लेपाखाली दिसत राहू द्यावा. मी सुरुवातीच्या दोन कॅनव्हासांवर सगळीकडे रंग थापला आणि खालचे महिन्याभराचे काम पुसून टाकले, याची हळहळ अजून वाटते.

जवसाचे तेल उडून जात नाही, हवेतल्या प्राणवायूशी संयोग पावून ते घट्ट होते, त्यामुळे पुण्याच्या दमट, गार पावसाळ्यात दोन थरांमध्ये आठवडाभर किंवा अधिकही थांबावे लागते. एप्रिल-मेमध्ये तेच काम बरेच लवकर होते. टर्पेंटाइन वापरताना खिडक्या उघड्या हव्यात. तेल लागलेल्या चिंध्या आपोआप तापून पेट घेऊ शकतात, त्यामुळे त्यांचा बोळा कोपऱ्यात न टाकता पाणी भरलेल्या झाकणाच्या डब्यात ठेवाव्यात.

अंतिम वॉर्निश किमान सहा महिन्यांनी द्यावे. प्रदर्शनात चित्राखाली ‘कॅनव्हासवर पिगमेंट छपाई आणि तैलरंग’ असे स्पष्ट लिहावे. केवळ ‘तैलरंग’ म्हणून ते विकणे घेणाऱ्याची फसवणूक आहे.