योशिनोचा साकुरा: आधी वर चढा, मग रमतगमत उतरा

जपानमध्ये ओसाकाहून एका दिवसात साकुरा, म्हणजे चेरीचा बहर, पाहायचा असेल तर योशिनो या डोंगराळ गावी जा. डोंगरावर सुमारे 30,000 झाडं, बहुतेक रानसाकुरा. फुलांसोबतच तांबूस कोवळी पालवीही फुटते, त्यामुळे रंग शहरातल्या बागांपेक्षा वेगळा दिसतो.

बहर पायथ्यापासून वर सरकत जातो: डोंगराचे खालून वर चार भाग, शिमो, नाका, कामी आणि शेवटी ओकु सेन्बोन. म्हणून एप्रिलच्या पहिल्या पंधरवड्यात चार दिवस इकडेतिकडे झाले तरी कुठेतरी फुलं सापडतातच. 10 ते 12 एप्रिलला किम्पुसेन्जी मंदिरात देवाला साकुरा वाहण्याचा उत्सव असतो. गर्दीची तयारी ठेवा.

ओसाकातल्या आबेनोबाशी स्थानकातून किन्तेत्सु या खासगी रेल्वेची गाडी थेट योशिनोला जाते. जपान रेल पास तिथे चालत नाही, आणि लिमिटेड एक्सप्रेसला वेगळं जादा तिकीट लागतं. ते आधीच काढा, परतीचंसुद्धा.

सकाळी लवकर पोहोचून आधी वरच्या हानायागुरा या पॉइंटपर्यंत चढा. तिथून किम्पुसेन्जीचं छप्पर फुलांत बुडालेलं दिसतं. खाली रेंगाळलात तर वर पोहोचेपर्यंत पाय बोलायला लागतात.

तिथली पर्सिमन या फळझाडाच्या पानात गुंडाळलेली सुशी प्रसिद्ध, पण आत मासा असतो. शाकाहारी असाल तर दशम्या बांधून न्या, आणि कचऱ्यासाठी एक पिशवीही.