बायबल वाचताना या चुका टाळा: आधी पत्र कोणाला लिहिलंय ते बघा

दर शुक्रवारी संध्याकाळी साडेसातला आमच्या ऐरोलीच्या घरी सोफा भिंतीला सरकवतो, चटई टाकतो आणि दहा-बारा माणसं बायबल उघडून बसतात. चौदा वर्षं झाली. कोणी घणसोलीहून येतं, कोणी कळव्याहून, दोघी बहिणी तर ठाण्याहून ट्रान्सहार्बर पकडून येतात. माणसं बदलत राहिली पण चुका त्याच आहेत, आणि त्यातल्या दोन चुका बघून मला खरंच त्रास होतो, म्हणून त्यांच्याबद्दल जरा जास्त लिहिणार आहे.

पहिली चूक म्हणजे एक ओवी, म्हणजे आकडा घातलेलं एक वाक्य, उचलायची आणि बाकीचा अध्याय तसाच सोडून द्यायचा.

यिर्मया २९:११, म्हणजे यिर्मया संदेष्ट्याच्या पुस्तकातल्या एकोणतिसाव्या अध्यायाची अकरावी ओवी, तुम्हाला माहिती आहेच. "ते संकल्प हिताचे आहेत, अनिष्टाचे नाहीत." कॅलेंडरवर, मगवर, लग्नपत्रिकेवर, व्हॉट्सअॅप स्टेटसला, सगळीकडे हीच ओवी. पाच वर्षांपूर्वी आमच्या ग्रुपमध्ये सत्तावीस वर्षांचा एक मुलगा यायचा, महापेला कामाला होता, कंपनीने माणसं कमी केली त्यात त्याचीही नोकरी गेली. त्या शुक्रवारी मी स्वतःच्या हाताने ही ओवी एका कार्डावर लिहून त्याला दिली आणि म्हटलं, हे देवाचं तुला वचन आहे, धरून ठेव. त्याने खरंच धरून ठेवलं. महिन्याभरात रबाळ्याच्या एका गोदामात काम मिळत होतं, पगार आधीपेक्षा कमी, हा नाही म्हणाला. "ताई, देवाचे संकल्प हिताचे आहेत ना, मग यापेक्षा चांगलंच येणार." नंतर तळोज्याचं एक आलं, तेही सोडलं. असे आठ महिने गेले, आईच्या दोन बांगड्या गहाण पडल्या, आणि एका शुक्रवारी तो यायचाच बंद झाला.

मी त्याच्या घरी गेले. कार्ड फ्रीजवरच होतं, मॅग्नेटखाली, कोपरा फोडणीच्या वाफेने पिवळा पडलेला. त्याने मला एकच विचारलं. "ताई, एक तर देव खोटं बोलला, नाहीतर माझा विश्वास कमी पडला. यातलं कुठलं ते तुम्ही सांगा." माझ्याकडे उत्तर नव्हतं.

घरी येऊन रात्री एक वाजेपर्यंत यिर्मया २७, २८, २९ सलग वाचले. तोपर्यंत नऊ वर्षं शिकवत होते आणि हे तीन अध्याय एका बैठकीत कधी वाचलेच नव्हते. यिर्मया २९ हे पत्र आहे. इ.स.पू. ५९७ मध्ये बाबेलच्या नबुखद्नेस्सर राजाने यरुशलेमेतून जी माणसं बाबेलला नेली, यहूद्यांचा राजा, अधिकारी, कारागीर, त्यांना यिर्मयाने यरुशलेमेहून पाठवलेलं. त्याच्या आधीच्या अध्यायात हनन्या नावाचा संदेष्टा सगळ्यांसमोर सांगतो की दोन वर्षांत सगळे परत येणार, आणि यिर्मयाच्या मानेवरचं जू काढून मोडून टाकतो. लोकांना अर्थातच हनन्या आवडला असणार! आणि मग हे पत्र येतं. घरं बांधा, त्यात राहा, बाग लावा, लग्नं करा, मुलांची लग्नं लावा, ज्या शहरात तुम्हाला नेलंय त्या शहराच्या हितासाठी प्रार्थना करा. आणि अकराव्या ओवीच्या बरोब्बर आधी, दहाव्यात काय आहे? सत्तर वर्षं. सत्तर वर्षं भरली की मी तुम्हाला परत आणीन. पत्र ऐकणारा माणूस चाळिशीचा असेल तर त्याच्यासाठी अर्थ सरळ होता, तू बाबेलातच मरणार, परत जातील ती तुझी नातवंडं. हिताचे संकल्प हे असे होते. म्हणजे त्या मुलाला मी यिर्मयाच्या नावावर हनन्याचा निरोप दिला होता.

अजून एक गोष्ट, आणि ही मराठी वाचणाऱ्याला तरी दिसायलाच हवी. आपल्या बायबलात देव एकट्या माणसाशी बोलतो तेव्हा तू म्हणतो. अब्राहामाला तू, मोशेला तू, खुद्द यिर्मयालाही तू. आणि इथे काय आहे? "तुमच्याविषयी." हे आदरार्थी नाही, ही अख्खी जमात आहे. इंग्रजीत एकच यू असतो, त्यांचा गोंधळ होतो हे समजू शकते, पण आपण मराठीत वाचून इंग्रजी पोस्टरचा अर्थ लावतो याला काय म्हणायचं? १ करिंथ ३:१६ चं तेच, हे प्रेषित पौलाने करिंथच्या मंडळीला, म्हणजे तिथल्या ख्रिस्ती लोकांना, लिहिलेलं पत्र. "तुम्ही देवाचे मंदिर आहात" हे जिममध्ये जाण्याबद्दल नाहीये, भांडणाऱ्या आख्ख्या मंडळीला पौल सांगतोय की तुम्ही सगळे मिळून एक मंदिर आहात आणि ते फोडू नका. शरीराबद्दलचं वेगळं आहे, ते सहाव्या अध्यायात.

मग या ओवीतून आपल्याला काहीच नाही का, असं लगेच कोणीतरी विचारतं. आहे की. जो देव परक्या शहरात सत्तर वर्षं आपल्या लोकांना सोडत नाही तो आपल्यालाही सोडत नाही, पण हे अकराव्या ओवीतून एकदम उडी मारून मिळत नाही, पाचव्यातून चालत यावं लागतं. पुढच्या आठवड्यात मी त्या मुलाकडे परत गेले, स्वयंपाकघरात ओट्याशी बसून दोघांनी पूर्ण पत्र वाचलं, दहाव्या ओवीला तो थांबला आणि म्हणाला, "सत्तर?" मग बोट मागे नेऊन पाचवी ओवी परत वाचली. मी त्याची माफी मागितली. आता तो तळोज्याला नोकरी करतो, शुक्रवारी कधी येतो कधी नाही.

तेव्हापासून माझी सवय अशी. कुठलीही ओवी शिकवायची असेल तर आधीचा एक अध्याय आणि नंतरचा एक अध्याय मोठ्याने वाचते, मोठ्याने म्हणजे तोंडाने. मग वहीत तीन ओळी, कोणी लिहिलं, कोणाला, तेव्हा काय चाललं होतं. तीन ओळी भरता आल्या नाहीत तर त्या आठवड्यात ती ओवी शिकवत नाही. आणि फोनवरचं अॅप नको, छापलेलं पुस्तक घ्या, कारण सर्च केलं की अॅप तुमच्यासमोर एकटी ओवी आणून ठेवतं. हे आकडे मूळ लेखकांनी घातलेले नाहीत हे कित्येकांना माहीतच नसतं. अध्याय पाडले तेराव्या शतकाच्या सुरुवातीला, स्टीफन लँग्टनच्या नावावर ते सांगतात, आणि नव्या कराराच्या आजच्या ओव्या रोबेर एस्तिएन या छापखानेवाल्याने १५५१ मध्ये घातल्या. त्याआधी दीड हजार वर्षं लोक पत्र पत्रासारखंच वाचत होते.

दुसरी चूक, रीलवरचं ग्रीक.

दोन वर्षांपूर्वी कॉलेजमधला एक हुशार मुलगा, उत्साही, चार महिने झाले होते वाचायला लागून, त्याला रोम १:१६ वर दहा मिनिटं बोलायला दिलं. सुवार्ता ही तारणासाठी देवाचे सामर्थ्य आहे. हा उभा राहिला आणि म्हणाला, इथे मूळ ग्रीक शब्द दुनामिस आहे, त्यावरूनच डायनामाइट शब्द आला, म्हणजे पौल म्हणतोय की सुवार्ता हे डायनामाइट आहे, धमाका! सगळे खूश, कोणीतरी हालेलुया म्हटलं. कोपऱ्यात एक काका बसतात, सत्तरीचे, ज्यांची अर्धी हयात तुर्भ्याच्या दगडखाणीत सुरुंगाच्या कामात गेली, एरवी शुक्रवारी तोंड उघडत नाहीत. ते म्हणाले, "बाळा, सुरुंगाला वात लावायच्या आधी काय करतात ठाऊक आहे का? शिट्टी मारतात. सगळ्यांना लांब पळवतात. पळाला नाही तो मेला. देव माणसाला असं लांब पळवतो होय?"

मुलगा गप्प. मी पण गप्प, कारण हेच उदाहरण मी स्वतः किती उपदेशांत ऐकलंय आणि मान डोलावलीय.

नोबेलने डायनामाइटचं पेटंट घेतलं १८६७ मध्ये, पौलाने रोमकरांस पत्र लिहिलं इ.स. ५७ च्या आसपास. नोबेलने ग्रीक शब्द उचलून आपल्या मालाला नाव दिलं, पौलाच्या डोक्यात स्फोट असणं शक्यच नाही. अठराशे वर्षांनंतरच्या वस्तूवरून आधीच्या शब्दाचा अर्थ काढायचा नसतो. पौलाला काय म्हणायचंय ते त्याच ओळीत आहे, तारणासाठी, म्हणजे हे सामर्थ्य माणसाला वाचवणारं आहे.

आगापेचंही तेच. आगापे म्हणजे देवाचं निःस्वार्थ प्रेम आणि फिलेओ म्हणजे साधं मैत्रीचं, असं इतक्या ठामपणे सांगतात की नवीन माणूस वहीत चौकट करून लिहून घेतो. जुन्या कराराचं जे प्राचीन ग्रीक भाषांतर आहे त्यात २ शमुवेल १३ मध्ये अम्नोनाला तामारेबद्दल जे वाटलं, ज्याचा शेवट बलात्कारात झाला, तिथे आगापेच आहे. पौलाचा सोबती देमास या जगावर प्रेम करून त्याला सोडून गेला, २ तीमथ्य ४:१०, तिथेही तेच क्रियापद. उलट पित्याचं पुत्रावर प्रेम आहे हे योहान ३:३५ मध्ये एका क्रियापदाने सांगतो आणि ५:२० मध्ये दुसऱ्याने. देवाचं प्रेम कसं आहे ते वधस्तंभाकडे बघून कळतं, एका शब्दाच्या डबीत ते भरून ठेवलेलं नाही.

मला ग्रीक शिकण्याचं वावडं नाही, शिका, पण शिका म्हणजे बसून शिका. पंडिता रमाबाईंनी हिब्रू आणि ग्रीक अभ्यासून केडगावला निराधार बायकांसाठीच्या मुक्ती मिशनचा एवढा पसारा सांभाळत अख्खं बायबल साध्या मराठीत आणलं, साध्या बायकांना कळावं म्हणून, वर्षानुवर्षं त्यावर काम केलं, १९२२ मध्ये मृत्यूपर्यंत. आणि आपण चाळीस सेकंदांचं रील बघून "मूळ भाषेत असं आहे" म्हणतो. ज्याला अजून रोमकरांस पत्र सोळा अध्याय सलग वाचून झालेलं नाही त्याने मूळ भाषा हा शब्द उच्चारू नये, असं माझं स्पष्ट मत आहे, कोणाला राग आला तरी चालेल. त्यापेक्षा दोन मराठी भाषांतरं शेजारी ठेवा. माझ्याकडे बायबल सोसायटीचं पवित्र शास्त्र आणि रमाबाईंचं, दोन्ही असतं. जिथे दोघांचे शब्द वेगळे पडतात तिथे पेन्सिलने टिंब करते, आणि कळतं की इथे मूळात काहीतरी अवघड आहे, तेवढ्यापुरतं जाणकाराला विचारते.

तिसरी, नीतिसूत्रांना गॅरंटी कार्ड समजणं. नीतिसूत्रे २२:६, मुलाला योग्य शिक्षण दे म्हणजे म्हातारपणीही तो त्यापासून वळणार नाही. ज्यांची मुलं घर आणि मंडळी सोडून गेलीत अशा आईबापांच्या तोंडावर ही ओवी मारलेली मी बघितली आहे, आणि त्यातली एक मावशी नंतर तीन रविवार उपासनेला आली नाही. नीतिसूत्रे म्हणजे म्हणी. आपण "शितावरून भाताची परीक्षा" पण म्हणतो आणि "दिसतं तसं नसतं" पण म्हणतो, कुठे कुठली लागू ते शहाणा माणूस ओळखतो. खुद्द नीतिसूत्रे २६ मध्ये चौथी ओवी म्हणते मूर्खाला त्याच्या मूर्खपणाप्रमाणे उत्तर देऊ नकोस आणि लगेच पाचवी म्हणते दे. शेजारी शेजारी ठेवलंय, मुद्दाम.

आता बाकीच्या भराभर.

डोळे मिटून पुस्तक उघडून बोट ठेवणं बंद करा.

"मला जो सामर्थ्य देतो त्याच्याकडून मी सर्वकाही करू शकतो" हे फिलिप्पै ४:१३ परीक्षेच्या पॅडवर लिहिण्याआधी ११ आणि १२ वाचा. पौल कैदेत आहे आणि सांगतोय की भरल्या पोटी कसं राहायचं आणि उपाशी कसं राहायचं दोन्ही शिकलो. मार्कांचा विषयच नाही.

श्रीमंताने देवाच्या राज्यात जाण्यापेक्षा उंटाने सुईच्या नाकातून जाणं सोपं, असं येशू म्हणतो, तर ते सुईचं नाक म्हणजे यरुशलेमेचा एक बुटका दरवाजा होता आणि उंट गुडघे टेकून आत जायचा, हे कृपा करून सांगू नका. येशूच्या काळात असा दरवाजा असल्याचा कसलाच पुरावा नाही, ही गोष्ट शेकडो वर्षांनी आली. येशूला अशक्य म्हणायचं होतं आणि पुढच्याच वाक्यात तो म्हणतो की माणसांना हे अशक्य आहे.

एक जानेवारीला उत्पत्तीपासून सुरू करून फेब्रुवारीत लेवीयात अडकणारे दरवर्षी भेटतात. नवीन असाल तर मार्कचं शुभवर्तमान घ्या, सोळाच अध्याय, ठाणे-पनवेल जाऊन-येऊन बसायला जागा मिळाली तर जवळजवळ पूर्ण होतो. लेवीय नंतर वाचा, पण वाचा, नाहीतर इब्री लोकांस पत्र डोक्यावरून जाईल.

बायबलच्या शेवटच्या पुस्तकात, प्रकटीकरणात, श्वापदाची संख्या ६६६ सांगितली आहे, आणि ६६६ म्हणजे आधार, बारकोड, लस, दर दोन वर्षांनी नवीन काहीतरी येतं. योहानाने ज्या सात मंडळ्यांना प्रकटीकरण पाठवलं त्यांना हिशोब करायला सांगितलाय, म्हणजे त्यांना तो करता येणार होता. नीरो कैसर हे नाव हिब्रू अक्षरांत लिहून अक्षरांच्या किमतीची बेरीज केली की ६६६ येते. काही जुन्या हस्तलिखितांत ६१६ आहे, आणि त्याच नावाच्या लॅटिन रूपाची बेरीज तेवढीच येते.

आणि त्याच पुस्तकातलं लावदिकीया, त्या सात मंडळ्यांपैकी एकीचं शहर, प्रकटीकरण ३:१५-१६. तू थंड नाहीस, ऊनही नाहीस, कोमट आहेस, म्हणून तुला तोंडातून ओकून टाकणार आहे. यावर उपदेश ठरलेला असतो, ऊन म्हणजे आवेशी, थंड म्हणजे अविश्वासी. मग देव "तू थंड तरी असतास तर बरं" असं का म्हणेल, हा प्रश्न कोणाला पडत नाही का? लावदिकीयाच्या जवळ हिएरापोलीसला गरम झरे होते, दुसरीकडे कलस्सैचं पाणी थंडगार, आणि लावदिकीयाला स्वतःचं चांगलं पाणी नव्हतं, नळांतून दुरून यायचं. गणेशपुरीच्या कुंडात पाय सोडून बसलात की अंग मोकळं होतं आणि मेमध्ये माठातलं पाणी पोटात गेलं की जीव थंड होतो, दोन्ही कामाची. तिसरं म्हणजे घोडबंदर रोडच्या ट्रॅफिकमध्ये दोन तास गाडीत पडलेली पाण्याची बाटली. शुक्रवारी मी तीच आणून सगळ्यांना एकेक घोट दिला होता, त्या दोघी बहिणींपैकी धाकटीने बेसिनकडे धावत जाऊन थुंकला आणि तिथूनच ओरडली, "ताई, कळलं!"